एक दिवसाआडचा ताप

ज्या वर्षी स्वाइन फ्लू आला, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपूच नयेत असं मला वाटत होतं. शाळेतल्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही, आणि एरवी मी सुट्टीच्या आठव्या दिवशीच कंटाळणारी. पण त्या वर्षी मला पाचवा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी तिसरा सरला, चौथाही सरला. नवरा आणि मी, आम्ही दोघंही घरात त्याविषयी मोठ्यानं बोलत नव्हतो. आनंद झाला होता, पण तो अजून आपला म्हणायची हिंमत होत नव्हती.

नवरा वडशाला एका राइस मिलमध्ये कामाला होता. मिलमध्ये पेपर यायचा, तो संध्याकाळी घरी आणायचा. ऑगस्टपासून त्यात पुण्याच्या बातम्या होत्या. शाळा बंद, थेटरं बंद, तोंडाला फडकी बांधून रांगेत उभी असलेली माणसं. मग नागपूरच्याही बातम्या आल्या. एक दिवस त्यानं पेपर आणलाच नाही असं मला सांगितलं. चार दिवसांनी चादर बदलताना तो गादीखाली सापडला. गरोदर बायकांना या तापाचा धोका जास्त, असं त्यात ठळक अक्षरात छापलं होतं. मी तो वाचला, परत तसाच घडी घालून ठेवला आणि वरून चादर अंथरली.

"रजा टाकून दे," तो त्या रात्री जेवताना म्हणाला.

"आत्तापासून टाकली तर लेकरू दीड महिन्याचं असताना मला परत शाळेत जावं लागेल," मी म्हणाले. लेकरू हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला होता. त्यानं माझ्या ताटात आणखी एक पळी वरण वाढलं.

माझी शाळा वडशापासून एसटीनं अर्ध्या तासावर. फाट्यावर उतरायचं आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत गावात जायचं. दोन खोल्या, एक व्हरांडा, पहिली ते चौथी, आणि शिकवणारे आम्ही दोघं. मोठे गुरुजी आणि मी. मोठे गुरुजी त्याच भागातले, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांना रागावताना मी कधी पाहिलं नाही. रागवायच्या जागी ते चष्मा काढून पुसत बसायचे, आणि पोरांना तेवढं पुरायचं.

गावात बहुतेक धान करणारी घरं. पाळीच्या पायथ्याशी मात्र मासे धरणाऱ्यांची दहा-बारा घरं होती. त्यातल्या एका घरातली मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. तिला वाचायचं वेड होतं. पुस्तकं आमच्याकडे फार नव्हती, म्हणून ती मिळेल ते वाचायची. बिस्किटाच्या पुड्यावरचं, युरियाच्या पोत्यावरचं, माझ्या हातातल्या एसटीच्या तिकिटावरचंसुद्धा. पहिलीतल्या पोरांना ती रोज दुपारी मोठ्यानं धडे वाचून दाखवायची, आणि मला त्या वेळात तिसरीचं गणित घेता यायचं. खरं सांगायचं तर अर्धी शाळा तीच चालवायची.

तिचा बाप पोळा झाल्यावर एका ठेकेदाराबरोबर पुण्याला बांधकामावर गेला होता. दिवाळीला परत आला तो खोकतच. भाऊबीजेच्या सुमारास त्याला ताप भरला.

ही बातमी मला कळली ती शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी. मोठ्या गुरुजींनी पालकांची सभा बोलावली होती. वरून कागद आला होता की शाळा सुरू करताना पालकांना माहिती द्यावी, हात धुण्याची सवय लावावी, सर्दी-खोकला असलेल्या मुलाला घरी पाठवावं. गुरुजींनी तो कागद व्हरांड्यात उभं राहून वाचला. वाचून झाल्यावर शाळा समितीचे अध्यक्ष उठले. गावातले मोठे शेतकरी, त्यांची दोन मुलं शाळेत होती.

"गुरुजी, मी साफ सांगतो," ते म्हणाले. "तो पुण्याहून ताप घेऊन आला. आठ दिवस झाले, घराबाहेर निघाला नाई. त्याची पोट्टी शाळेत आली, तं आमची पोट्टे येणार नाईत."

"पोरीले ताप हाये का?" गुरुजींनी विचारलं.

"आज नाई. उद्या येईन."

मागून दोघातिघांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, "त्याच्या घरचे मासेई कोणी घेऊन नाई राह्यलं, भाऊ. लेकराइले काऊन तिच्याजवळ बसवाचं?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत पुसत माझ्याकडे पाहिलं. "पोरगी बाईंच्या वर्गात हाये. बाई, तुम्हीच सांगा."

मला विचार करायला वेळ लागला असता तर आज मला इतकं वाईट वाटलं नसतं. मी लगेच म्हणाले, "आठ-दहा दिवस थांबू द्या तिला. काळजी घेतलेली बरी."

सभेतून सुटल्यासारखा एक सुस्कारा निघाला. लोक उठायला लागले, तेव्हा मला दिसलं की बायकांच्या मागे, व्हरांड्याच्या खांबाशी त्या मुलीची आई उभी होती. सभाभर ती तिथेच असणार. तिनं पदर कमरेला खोचला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून पाळीकडे निघून गेली.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. वारा लागत होता आणि मला बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. पोटावर हात ठेवून मी मनात म्हणाले, चला, एक काळजी मिटली.

सोमवारी शाळा उघडली. मी फाट्यावर उतरले तेव्हा साडेदहा वाजले होते. एरवी त्या वेळी पाळीवरूनच पोरांचा कालवा ऐकू येतो. त्या दिवशी बोरिंगवर बादली भरणाऱ्या बाईचाच तेवढा आवाज होता. दोन्ही खोल्यांत मिळून सात मुलं आली होती. गुरुजींनी स्वतः विकत आणलेला साबण बोरिंगपाशी एका विटेवर ठेवला होता. सातही जणांनी हात धुतले, मग पाय धुतले, मग एकानं डोकंही धुतलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साबण संपला.

"बाकीचे कुठं आहेत?" मी विचारलं.

"अर्धे धान कापाले गेले," गुरुजी म्हणाले. "ते दरवर्षीच जातात. बाकीचे भेवानं घरी."

"पण ती मुलगी तर आली नाही ना. मग कशाला भ्यायचं?"

गुरुजी हजेरीपट उघडून नावांपुढे खुणा करत बसले.

मंगळवारी पाचच मुलं आली. त्यातल्या एकाला सर्दी होती. मी कागद काढून गुरुजींना दाखवला. ते म्हणाले, "बाई, आपल्याकडे या दिवसात नाक वाहत नाई असं पोट्टं दाखवा मले. कागदाप्रमाणं गेलो तं शाळेत तुम्ही अन् मीच उरू. अन् मलेई कालपासून सर्दी हाये."

मला हसू आलं, पण मी माझी खुर्ची दोन हात मागे सरकवली. त्यांनी ते पाहिलं. त्यांनी स्वतःचीही सरकवली, माझ्यापासून आणखी लांब. मला लाज वाटायला लागली ती तिथून.

आमची खिचडी शिजवणारी बाई पन्नाशीची, तोंडानं फटकळ. पाच मुलांसाठी चूल पेटवायची म्हणून ती आधीच वैतागली होती. दुपारी भांडी घासता घासता तिनं मला जे सांगितलं ते असं होतं. शनिवारपर्यंत गावात निम्मे लोक म्हणत होते, साधा ताप असेल. पण सभेत मी बोलले आणि गाव फिरलं.

"बाई शिकलेल्या, बाई वडशात राह्यतात, पेपर वाचतात. त्याच भेल्या, म्हणजे काईतरी असनच. असं म्हणून राह्यले सगळे," ती म्हणाली. "तुम्ही एका पोरीले नाई म्हणलं, अन् साऱ्या शाळेले भेव लागलं."

"आणि मंडईला जायची भीती नाही वाटली?" मी विचारलं. शेजारच्या गावात दोन दिवसांपूर्वीच मंडई झाली होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात. आमच्या गावातूनही बैलगाड्या भरून गेल्या होत्या.

"मंडईत सारेच गेले होते," ती म्हणाली. "अध्यक्षाची दोन्ही पोट्टेई. तिथी बसाले जागा नव्हती."

तिनं कढई पालथी घातली आणि विषय संपवला.

घरी गेल्यावर मी नवऱ्याला हे सांगितलं. त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "आमच्या मिलमधी रोज रेल्वेनं लोक येतात. गोंदियाचे, बल्लारशाचे, रायपूरचे. हात मिळवतात, चहा पितात, खोकतात. मी ते तुले कधी सांगितलं नाई." म्हणजे गेले तीन महिने मी ज्याच्या शेजारी झोपत होते तो माणूस त्या पुण्याहून आलेल्या माणसापेक्षा रोज जास्त गर्दीत वावरत होता, आणि त्याला मी घराबाहेर ठेवलं नव्हतं.

बुधवारी पाळीवरून जाताना मला त्या दोघी समोरून येताना दिसल्या. मुलीची आई डोक्यावर टोपली घेऊन पुढे, मुलगी मागे. पाळ अरुंद आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागतं. आई थांबली, आणि लेकीचा दंड धरून तिला स्वतःच्या पाठीआड घेतलं. मला जायला वाट दिली. माझ्यासाठी वाट दिली की माझ्यापासून मुलीला लपवलं, ते मला कळलं नाही.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"बाजारात. गावात कोणी मासे घेत नाई तं दुसऱ्या गावात जावं लागते," ती म्हणाली. "तिथी आमाले कोणी वळखत नाई."

"कसे आहेत घरी?"

तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला दहा-बारा दिवसांत कोणी विचारला नसावा. "कालचा दिवस बरा होता," ती म्हणाली. "जेवले, जाळंई विणत बसले. आज दुपारी परत येईन."

"काय येईल?"

"ताप. एक दिवस येते, एक दिवस नाई येत. दुपारचं असं हुडहुडी भरते का उन्हात चार गोधड्या टाकल्या तरी खाट हालते. मंग घाम येते अन् उतरते."

मी तिथंच उभी राहिले. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढले, सगळा जन्म चंद्रपूर-गडचिरोलीत गेला. थंडी वाजून, एक दिवसाआड, ठरल्या वेळेला येणारा आणि घाम फुटून उतरणारा ताप आमच्याकडे लहान पोरालाही ओळखता येतो. मला स्वतःला तो तीनदा येऊन गेला होता. मी इतके दिवस पुण्याचा ताप, पुण्याचा ताप ऐकत होते, पण तो ताप कसा येतो हे मी विचारलंच नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं, कारण विचारायला जवळ जावं लागलं असतं.

"सिस्टरला दाखवलं का?"

"नाई." तिनं मान खाली घातली. "गाडी येईन अन् नागपूरले नेऊन बंद करून ठेवतीन म्हणतात. मंग माणूस परत येते का नाई, कोण सांगन? म्हणून नाई सांगितलं."

"आणि खोकला?"

"तो सिमेंटचा हाये. तिथी रोज पोती फोडाचं काम होतं." हे मुलगी मागून बोलली. आईनं तिच्याकडे वळून पाहिलं, तशी ती गप्प झाली.

उपकेंद्राची नर्स, जिला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो, ती फाट्याच्या पुढच्या गावात राहायची. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वडशाची एसटी सोडली आणि उलट दिशेच्या गाडीत बसले. सिस्टर दारातच सायकलचं पंक्चर काढून घेत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता पंक्चरवाल्याला म्हणाली, "भाऊ, लवकर कर." मग मला म्हणाली, "दहा दिवस ताप असलेला माणूस गावात हाये अन् मले कोणी सांगत नाई. मी पंधरा दिवस सुट्टीवर गेली का लोकाइनं तापाचं नावच बदलून टाकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली आणि म्हणाली, चला. गुरुजी म्हणाले, बाईंना कशाला, मी येतो. पण मला जायचंच होतं. तिघंही गेलो. शाळेतल्या पाच मुलांना खिचडीवाल्या बाईच्या स्वाधीन केलं.

तो माणूस अंगणात खाटेवर बसला होता. आम्हाला पाहून उठून उभा राहायला गेला आणि तोल जाऊन परत बसला. तिशीचा असेल, पण डोळे पिवळे, गालफडं आत गेलेली. आम्ही जवळ येतोय हे पाहून त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. आमच्यासाठी लावला. गावानं त्याला तेवढं शिकवलं होतं.

सिस्टरनं त्याच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली. "खोकला धुळीचा दिसते," ती म्हणाली. "अन् हा ताप मले तरी आपल्या इथलाच वाटते. काचपट्टीचा निकाल येईपर्यंत या गोळ्या सुरू करा. उपाशी पोटी घेऊ नका." मग माझ्याकडे वळली. "अन् तुम्ही. पाचवा ना? मच्छरदाणीत झोपता का?"

मी म्हणाले, कधी कधी.

"कधी कधी," ती म्हणाली. "पुण्याच्या तापाले भेऊन पोरीले शाळेबाहेर ठेवता, अन् घरातल्या डासाले मोकळं सोडता. पोटुशी बाईले हिवताप झाला तं काय होते, माहीत हाये ना?"

मला माहीत होतं. आधीच्या दोनपैकी एका वेळी मला हिवतापच झाला होता. डॉक्टरांनी तेव्हा तेच कारण असेल असं म्हटलं होतं आणि मी ते विसरायचा इतका प्रयत्न केला होता की खरोखरच विसरले होते. त्या अंगणात मला ते आठवलं. मुलीच्या आईनं घरातून पाट आणून माझ्यामागे ठेवला. मी बसले.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं वडशाच्या बाजारातून नवी मच्छरदाणी आणली. निळी, जाड जाळीची. तिच्यात हवा येत नव्हती, पण मी तिच्यातच झोपले आणि त्यानंतर एकही दिवस चुकवला नाही.

निकाल शनिवारी आला. सिस्टरनं सायकल शाळेच्या व्हरांड्याला टेकवली आणि गुरुजींना एक चिठ्ठी दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली. मग चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही, तसाच हातात धरून हसत राहिले.

"मलेरिया," ते म्हणाले. "आपलाच मलेरिया निघाला."

आजही मला नवल वाटतं. हिवतापानं आमच्या भागात दरवर्षी माणसं जातात. तो काही हलका आजार नाही. पण त्या दिवशी ती बातमी गावात अशी फिरली जशी कोणाच्या घरी मुलगा पास झाल्याची फिरते. समितीचे अध्यक्ष स्वतः शाळेत आले. "मंग आधीच सांगाचं ना," ते म्हणाले. "मलेरिया तं माझ्या घरी आत्ताही हाये." त्यांची आई तापानं पडली होती, आणि तिला गोळ्या चालू होत्या, आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. ओळखीच्या दुखण्याला माणूस घरात घेतो. अनोळखी दुखण्याला दार लावतो. मीही तेच केलं होतं, फक्त दार शाळेचं होतं.

सोमवारी मुलं आली. धान कापायला गेलेली सोडून सगळी आली. व्हरांड्यात चपलांचा ढीग पडला, बोरिंगवर भांडणं झाली, दोन पाट्या फुटल्या. पहिलीतला एक मुलगा सुट्टीत बाराखडी विसरून आला होता आणि ते त्यानं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. मी खडू हातात घेऊन नुसतीच उभी राहिले होते. इतका गोंगाट मला कधी गोड लागला नव्हता.

ती मुलगी मात्र आली नाही. मंगळवारीही आली नाही. पहिलीतली पोरं दुपारी तिची वाट बघून आपापसात मारामारी करू लागली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. बाप अंगणात नव्हता, तलावावर गेला होता. चार दिवसांत ताप तुटला होता. आई मासे साफ करत होती. मुलगी ओट्यावर बसून तांदळाच्या जुन्या पोत्यावरची अक्षरं वाचत होती. मला पाहून तिनं पोतं उलटं केलं.

"शाळेत का नाही पाठवलं हिला?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणलं होतं ना बाई, आठ-दहा दिवस थांबू द्या," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आज दहा दिवस झाले. उद्या पाठवलं असतं."

तिनं दिवस मोजले होते. मी जे बोलले ते तिनं शब्दाला शब्द पाळलं होतं. मी ओट्यावर त्या मुलीशेजारी बसले.

"माझं चुकलं," मी त्या मुलीला म्हणाले. "तुला ताप नव्हता. मी तुला बघितलंही नाही आणि येऊ नको म्हणाले."

ती पोत्याच्या शिवणीशी चाळा करत होती. "तुम्ही भेल्या होत्या का?" तिनं विचारलं.

"हो."

"मले?"

"तुला नाही. पण तुझ्या नावानं भ्याले."

तिनं यावर थोडा विचार केला. मग पोतं सरळ केलं आणि त्यावरचा एक शब्द बोटानं दाखवला. "हा 'निर्यात' का काय हाये. याचा अर्थ काय?" मी अर्थ सांगितला. आपला माल देशाबाहेर पाठवणं. ती म्हणाली, "म्हणजे बाबाले पुण्याले पाठवलं तसं." मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

निघताना आईनं पळसाच्या पानांत गुंडाळून, सुतळीनं बांधून दोन मरळ माझ्या हातात दिल्या. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "गावातून घेऊन जा. झाकू नका." मला तिचं म्हणणं कळलं. मी पानं काढून टाकली आणि दोन्ही मासे सुतळीला लटकवून गावातल्या मधल्या रस्त्यानं फाट्यापर्यंत गेले. अध्यक्षांच्या घरावरून, किराणाच्या दुकानावरून. एसटीत कंडक्टरनं नाक मुरडलं. रस्त्यात तीन बायकांनी विचारलं, कोणाकडून घेतले, आणि मी तिन्ही वेळा नाव घेऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तिची टोपली गावातच रिकामी व्हायला लागली. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. मरळ चांगली असली की आमच्याकडे कोणी फार दिवस रुसून राहत नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. पहिलीतल्या पोरांनी तिला घेरलं, आणि तिनं त्यांना ओळीत बसवलं, आणि माझं तिसरीचं गणित पुन्हा सुरू झालं.

तो पुण्याचा ताप आमच्या गावात कधी आला का, हे मला आजही सांगता येणार नाही. डिसेंबरात एकदा अर्धी शाळा सर्दी-तापानं आजारी पडली. गुरुजी पडले, मग मीही पडले. चार दिवस मी मच्छरदाणीत पडून छताकडे बघत होते आणि नवरा दर तासाला माझं कपाळ बघत होता. चौथ्या दिवशी ताप उतरला. आतलं लेकरू त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जोरात हललं की मी नवऱ्याला हाक मारून त्याचा हात पोटावर ठेवला. तो साधा ताप होता की तोच होता, हे तपासायला कोणी आलं नाही. आम्हीही कोणाला बोलावलं नाही.

मार्च सरता सरता मला मुलगी झाली. वजनानं थोडी कमी, आवाजानं मुळीच नाही. बारशाच्या आधी चौथीतल्या त्या मुलीची आई वडशाला आली, लेकीला घेऊन. सोबत सुकवलेले झिंगे होते, बाळंतिणीला दूध येतं म्हणून. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, तेल लावलेले टाळूचे केस बघितले.

मी इतके महिने मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "त्या दिवशी सभेत तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझा राग नाही आला?"

"आला ना," ती म्हणाली. "पाळीवर जाईपर्यंत आला. मंग माझ्या ध्यानात आलं, तुमचा हात सारा वेळ पोटावर होता. मी म्हणलं, हिच्या पोटात लेकरू हाये, हिले भेव वाटनच. माझ्याई पोटात होतं तवा मी सापाच्या नावानं सहा महिने तलावावर नाई गेली."

तिची लेक तोवर दवाखान्यातून मिळालेलं लसीकरणाचं कार्ड मोठ्यानं वाचत होती. एका ठिकाणी अडली. बाळाच्या नावाची जागा रिकामी होती.

"इथी काय लिहाचं?" तिनं विचारलं.

आम्ही अजून ठरवलं नव्हतं. नवऱ्यानं तिच्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "तू सुचव." ती बराच वेळ पेनाचं टोपण चावत विचार करत बसली, आणि तिची आई बाळाला थोपटत राहिली, आणि मी उशीला टेकून डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी मला दुपारी झोप लागली.